आधी मुलगी, मग आई: मारी मलन आणि गॉलवेच्या रंगभूमीची पन्नास वर्षं

आयरिश नाटक म्हटलं की आपल्याकडे पटकन शॉ, वाइल्ड, बेकेट अशी नावं निघतात. तिघेही लेखक, आणि तिघेही आयर्लंड सोडून बाहेर जाऊन मोठे झालेले. नटांची नावं विचारली तर सिनेमातली एकदोन मंडळी आठवतात. मारी मलन या आयरिश नटीचं नाव मात्र चांगल्या नाटकवेड्या लोकांनाही माहीत नसतं आणि मला ते मनापासून खटकतं, कारण नट एखाद्या भूमिकेबरोबर वाढतो म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला हिच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

थोडक्यात सांगते. १९९६ साली एका नव्याकोऱ्या नाटकात तिने चाळिशीच्या मुलीचं काम केलं आणि २०१६ साली त्याच नाटकात, त्याच दिग्दर्शिकेकडे, त्याच कंपनीत त्या मुलीच्या म्हाताऱ्या आईचं. त्याच्याही आधी, १९८५ साली, दुसऱ्या एका नाटकात ती नात होती आणि २०१४ मध्ये त्याच नाटकात आजी. ऐकायला सोपं वाटतं, वय वाढलं तशी मोठ्या वयाची भूमिका मिळाली, त्यात काय एवढं. पण विचार करा, यासाठी किती गोष्टी जुळून याव्या लागतात. नाटक मंडळी तीस-तीस वर्षं टिकली पाहिजे, दिग्दर्शक तोच राहिला पाहिजे, नटीने ते गाव सोडून कायमचं लंडन किंवा हॉलिवूड गाठता कामा नये, आणि नाटकं अशी हवीत की वीस-तीस वर्षांनी पुन्हा काढली तरी शिळी वाटणार नाहीत. यातलं एक जरी निसटलं तरी सगळं बिनसतं. तर हे जुळलं कसं, हे समजायचं तर आधी १९७५ च्या गॉलवेत जावं लागेल.

गॉलवे हे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं शहर, समोर सरळ अटलांटिक. तेव्हा नाटकात करिअर करायचं म्हणजे डब्लिनला जायचं असंच समीकरण होतं, कारण तिथे ॲबी थिएटर होतं, म्हणजे १९०४ पासूनचं राष्ट्रीय नाट्यगृह, आणि पगारी नट म्हणजे डब्लिनचा नट. गॉलवेत आयरिश भाषेतली नाटकं करणारं एक जुनं थिएटर होतं, हौशी मंडळी होती, युनिव्हर्सिटीचा ड्रामा क्लब होता, पण पोट भरेल असं काही नव्हतं. या युनिव्हर्सिटीत १९५३ साली जन्मलेल्या दोन मुली भेटल्या. एक स्लायगोची मारी मलन. दुसरी रॉसकॉमनची गॅरी हाइन्स (नावावरून पुरुष वाटतो, पण ही बाई आहे), तिला दिग्दर्शन करायचं होतं. तिसरा मिक लॅली, वयाने थोडा मोठा, मेयो भागातला, आयरिश भाषा घरचीच असल्यासारखा बोलणारा आणि पेशाने शाळामास्तर. कॉलेज संपल्यावर आता काय करायचं हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो, यांनी उत्तर काढलं की उन्हाळ्यात इथेच, गॉलवेतच, तीन नाटकं बसवू. नाव ठेवलं ड्रुइड, आणि ते नाव म्हणे तेव्हा वाचत असलेल्या ॲस्टेरिक्सच्या कॉमिक्समधल्या ड्रुइडवरून, म्हणजे जादूगारावरून सुचलं. १९७५ च्या जुलैत पहिला पडदा उघडला. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या बाहेर उभी राहिलेली पहिली व्यावसायिक नाटक कंपनी म्हणून आज ड्रुइडचं नाव घेतात.

१९७९ मध्ये त्यांना गावाच्या जुन्या भागात एका गल्लीतलं गोदाम मिळालं, तिथे त्यांनी स्वतःचं थिएटर केलं. शंभराच्या आसपास खुर्च्या, बस. पुढे त्या गल्लीलाच ड्रुइड लेन नाव पडलं आणि २०१० मध्ये मिक लॅली गेल्यावर थिएटरला त्याचं नाव दिलं गेलं. पण शंभर खुर्च्या हा मुद्दा विसरू नका, कारण एवढ्याशा जागेत नटाच्या पापणीची हालचालसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत पोचते, तिथे आवाज चढवून, हातवारे करून काही लपवता येत नाही. मारी मलनचं पहिलं सगळं शिक्षण अशा खोलीत झालंय.

आता भाषेबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ड्रुइडचं पहिलंच नाटक होतं 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड', लेखक जे. एम. सिंग. हा डब्लिनचा शिकलेला, चांगल्या घरातला माणूस, पण १८९८ पासून काही वर्षं उन्हाळ्यात गॉलवेसमोरच्या ॲरन बेटांवर जाऊन राहिला, तिथल्या कोळी-शेतकरी लोकांत बसला, त्यांच्या गोष्टी ऐकल्या. त्या लोकांची मूळ भाषा आयरिश. ते इंग्रजी बोलायचे तेव्हा वाक्याचा सांगाडा आयरिश आणि शब्द इंग्रजी असं काहीतरी व्हायचं, लांबलचक, हेलकावे घेत जाणारं, आणि सिंगने आपली सगळी नाटकं त्या बोलीत लिहिली. 'प्लेबॉय' १९०७ मध्ये ॲबीला आलं तेव्हा प्रेक्षकांनी थिएटरात दंगा केला होता, गावाकडच्या आयरिश माणसांची आणि विशेषतः बायकांची बदनामी केली म्हणून. दोन वर्षांत सिंग वारला, अवघ्या ३७ व्या वर्षी, आणि मग हळूहळू तो क्लासिक झाला. क्लासिक झालं की नाटकाचं जे होतं तेच याचंही झालं, लोक त्याचे संवाद कविता म्हटल्यासारखे गोड गळ्यात म्हणायला लागले.

ड्रुइडने हा गोडवा काढून टाकला. मारी मलन, हाइन्स आणि लॅली तिघेही पश्चिमेकडचे, ती बोली त्यांच्या कानावर लहानपणापासून पडलेली, त्यांना ती लिरिकल वगैरे वाटण्याचं कारणच नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ही गरीब, भुकेली, एकमेकांवर डाफरणारी माणसं होती, ज्यांच्या अंगाला चिखल आणि पीटच्या (दलदलीतली वाळवलेली माती, तिथलं जळण) धुराचा वास येतो. आणि ही नाटकं घेऊन ते शहरात बसून राहिले नाहीत, गावोगावच्या हॉलमध्ये, बेटांवर गेले, या दौऱ्यांना त्यांनी नावच 'अनयूज्वल रूरल टूर्स' असं ठेवलं होतं. सिंगने बापाला मारून पळालेल्या माणसाची गोष्ट इनिश मान नावाच्या बेटावर एका म्हाताऱ्याकडून ऐकली, तिच्यातून 'प्लेबॉय' झालं, आणि ड्रुइड ते नाटक घेऊन त्याच बेटांवर गेली. समोर बसलेल्या माणसाला तुमची बोली खोटी वाटली तर तो लगेच चुळबुळ करणार, म्हणजे यापेक्षा कडक परीक्षा कुठली.

आता १९८५. टॉम मर्फी नावाचा मोठा नाटककार, गॉलवेजवळच्या ट्यूम गावचा, त्याने ड्रुइडला एक नाटक दिलं, 'बॅलेगनगारा'. पडदा उघडतो तेव्हा एका गवती छपराच्या घरात खाटेवर एक म्हातारी बसलेली असते, मॉमो. स्मरणशक्ती गेलेली, सांभाळणाऱ्या नातीला ओळखत नाही, आणि रोज रात्री, रोज, ती एकच गोष्ट सांगते: एका गावात हसण्याची पैज लागली होती, आणि त्या रात्रीनंतर त्या गावातलं हसूच गेलं, ते कसं. गोष्ट ती कधीच पूर्ण करत नाही, शेवटाजवळ आली की थांबते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा पहिल्यापासून. दोन नाती आहेत, मेरी आणि डॉली. मेरी लंडनला नर्स होती, चांगलं चाललेलं सोडून आजीला सांभाळायला घरी आलीय आणि आजी तिला मोलकरीण समजते. नाटक पुढे जातं तसं प्रेक्षकांना कळतं की त्या पैजेत मॉमो आणि तिचा नवरा स्वतःच होते, ते तिथे अडकले, आणि तेवढ्यात इकडे घरी एकट्या ठेवलेल्या नातवंडांपैकी टॉम नावाचा मुलगा भाजून मेला. म्हातारी गोष्ट का संपवत नाही हे मग वेगळं सांगावं लागत नाही. मेरी ठरवते की आज रात्री ही गोष्ट संपलीच पाहिजे.

मॉमोच्या भूमिकेसाठी शिवॉन मॅकेना आली. हे नाव आयर्लंडमध्ये काय होतं हे सांगणं अवघड आहे. गॉलवेत वाढलेली, तिथल्याच आयरिश भाषेतल्या थिएटरात सुरुवात केलेली, शॉचं 'सेंट जोन' स्वतः आयरिशमध्ये भाषांतर करून त्यात काम केलेली, मग तीच भूमिका इंग्रजीत डब्लिन, लंडन, न्यूयॉर्कला गाजवलेली. 'डॉक्टर झिवागो' पाहिलेल्यांना तिचा चेहरा आठवत असेल, त्यात ती जेराल्डिन चॅप्लिनच्या आईच्या कामात आहे. एवढी मोठी बाई शंभर खुर्च्यांच्या गोदामात काम करायला आली, आणि तिच्यासमोर मेरीच्या कामात होती तिशी ओलांडलेली मारी मलन.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही, उलट मला तर वाटतं की ते मॉमोपेक्षा जास्त अवघड आहे. मॉमोकडे शब्दांचा पूर आहे, पानंच्या पानं एकटीचं बोलणं, आणि मेरीने काय करायचं तर ऐकायचं. चहा करायचा, अंथरूण नीट करायचं, आणि ऐकायचं. पण नुसतं ऐकून भागत नाही, कारण मेरीने ही गोष्ट शेकडो वेळा ऐकलेली आहे, तिला ती पाठ आहे, म्हणजे नटीने एकाच वेळी कंटाळा, राग, माया, आणि आज रात्री काहीतरी वेगळं घडवायचंय हा निश्चय, एवढं सगळं न बोलता धरून ठेवायचं. आणि मग हळूच मध्येच एखादा शब्द पुरवायचा, म्हातारी जिथे नेहमी थांबते तिथून तिला पुढे ढकलायचं. स्टेजवर बोलणाऱ्याकडे प्रेक्षक बघतात हे खरं, पण बोलणं कसं ऐकायचं हे ते ऐकणाऱ्या नटाकडे बघून ठरवतात. ऐकणारा नट कच्चा असेल तर समोरच्याचं स्वगतही पडतं. म्हणजे त्या प्रयोगांत मारी मलन मॉमोचे ते सगळे शब्द शिवॉन मॅकेनाच्या तोंडून पुन्हा पुन्हा, रोज, हातभर अंतरावरून ऐकत होती.

नाटक १९८६ मध्ये लंडनला गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शिवॉन मॅकेना गेली. मॉमो तिची शेवटची मोठी भूमिका ठरली.

मधली काही वर्षं मी भरभर सांगते. हाइन्स १९९१ ते १९९४ ॲबीची प्रमुख होती, मारी मलनने ॲबीत आणि इंग्लंडच्या रॉयल शेक्सपियर कंपनीत कामं केली, लग्न केलं ते शॉन मॅगिन्लीशी, तोही ड्रुइडमधलाच नट, मुली झाल्या, सिनेमा-टीव्हीत लहानमोठी कामं झाली. मिक लॅली तोवर टीव्हीच्या 'ग्लेनरो' मालिकेमुळे घरोघरी पोचला होता. तिघे विखुरले असं वाटावं असा हा काळ आहे, पण विखुरले नाहीत.

कारण ड्रुइडला परत आल्यावर हाइन्सच्या हातात एक संहिता पडली, पंचविशीच्या आतल्या एका पोराची. मार्टिन मॅकडोना, आईवडील आयरिश पण हा लंडनमध्ये जन्मलेला, वाढलेला. नाटक 'द ब्यूटी क्वीन ऑफ लीनॅन'. लीनॅन हे कॉनेमारातलं खरं गाव आहे, गॉलवेच्या उत्तरेला डोंगर आणि खाडीच्या मध्ये. १ फेब्रुवारी १९९६ ला गॉलवेच्या टाऊन हॉल थिएटरात पहिला प्रयोग झाला, आणि ते थिएटरही तेव्हा नव्यानेच उघडलं होतं.

गोष्ट दोन बायकांची. मॅग, सत्तरीची, आणि तिची मुलगी मॉरीन, चाळिशीची, लग्न न झालेली, बाकीच्या बहिणी लग्न करून निघून गेल्या म्हणून हिच्या गळ्यात आई पडली. आपल्याकडे कोकणातल्या घराघरांत हे चित्र दिसतं, सगळे मुंबईला आणि मागे म्हाताऱ्या आईजवळ एक कुणीतरी राहिलेलं, तसंच त्या पश्चिम आयर्लंडचं, माणसं लंडनच्या बांधकामांवर नाहीतर बॉस्टनला. घरात दिवसभर चालतं काय, तर कॉम्प्लान. हो, आपण पितो तेच. कॉम्प्लानमध्ये गुठळ्या राहिल्या म्हणून आईची कुरकुर, मुलगी मुद्दाम नीट ढवळत नाही, आईला न आवडणारी बिस्किटं मुद्दाम आणून ठेवते, आई रोज सकाळी आपलं लघवीचं भांडं मोरीऐवजी किचनच्या सिंकमध्ये रिकामं करते आणि नाही म्हणून सांगते. प्रेक्षक पहिला अर्धा तास पोट धरून हसत असतात.

आणि मॅगचा एक हात लाल, भाजलेला आहे. तो पहिल्या प्रवेशापासून दिसतो. आई कुणाला तरी सांगते की हे मुलीने केलं, मुलगी सांगते की आईनेच स्वतः करून घेतलं आणि माझ्यावर ढकलते. नाटक लगेच उत्तर देत नाही. मग पाटो नावाचा एक चांगला माणूस मॉरीनच्या आयुष्यात येतो, बॉस्टनला जाताना तिला चल म्हणून पत्र लिहितो, पत्र आईच्या हातात पडतं आणि आई ते शेगडीत जाळते. मॉरीनला पुढे हे कळतं, तेव्हा ती कढईत तेल तापवते. तेल तापायला वेळ लागतो आणि तो वेळ आपण बसून बघतो. तेव्हा कळतं की तो हात कसा भाजला होता.

मॉरीनच्या भूमिकेची खरी अडचण इथे आहे. नटीला पहिल्या मिनिटापासून माहीत असतं की हात कुणी भाजलाय, पण प्रेक्षकांना ते कळू द्यायचं नाही, आणि तरी नंतर कळल्यावर 'अरे, ही मघाशी असं का बघत होती ते आत्ता समजलं' असं वाटलं पाहिजे. म्हणजे खोटं करायचं नाही आणि खरं दाखवायचंही नाही. त्यात मॉरीनला आधी मानसिक आजार होऊन गेलेला आहे, काही गोष्टी ती घडल्या असं मानते ज्या घडलेल्याच नाहीत, तर नटीने त्या खऱ्याच आहेत असं समजून करायच्या. मारी मलनची मॉरीन प्रेक्षकांना आवडायची, तिला पाटो मिळावा असं लोकांना मनापासून वाटायचं, आणि म्हणूनच तेल तापायला लागलं की आपण इतका वेळ कुणाच्या बाजूने होतो हा प्रश्न त्यांनाच पडायचा. मॅग होती ॲना मॅनहन, वॉटरफर्डची जुनी खंदी नटी, सत्तरी ओलांडलेली. १९५७ मध्ये डब्लिनच्या एका छोट्या थिएटरात टेनेसी विल्यम्सचं नाटक करताना दिग्दर्शकाला पोलिसांनी अश्लीलतेच्या आरोपाखाली पकडलं होतं, त्या नाटकाची नायिका ही होती. अशी बाई समोर असल्यावर मॉरीनला फुकट काहीच मिळत नाही, प्रत्येक वाक्य भांडून घ्यावं लागतं.

नाटक गॉलवेहून लंडनला गेलं, १९९८ मध्ये न्यूयॉर्कला, आधी ऑफ-ब्रॉडवे, म्हणजे तिथल्या छोट्या थिएटरांत, आणि एप्रिलमध्ये ब्रॉडवेच्या वॉल्टर कर थिएटरात. त्या जूनमध्ये टोनी पुरस्कार होते, म्हणजे ब्रॉडवेचा सर्वांत मोठा सन्मान. मारी मलनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, ॲना मॅनहनला सहाय्यक अभिनेत्री, टॉम मर्फी नावाच्या तरुण नटाला सहाय्यक अभिनेता (नाटककार टॉम मर्फी वेगळा, नुसतं नाव सारखं), आणि गॅरी हाइन्सला दिग्दर्शन. नाटकासाठीचा दिग्दर्शनाचा टोनी घेणारी हाइन्स ही पहिली बाई, आणि त्याच रात्री थोड्या वेळाने संगीत नाटकासाठीचा दिग्दर्शनाचा टोनी ज्युली टेमरला मिळाला. सर्वोत्कृष्ट नाटक मात्र यास्मिना रेझाचं 'आर्ट' ठरलं.

इथून साधारण नटांचे रस्ते बदलतात. टोनी मिळाल्यावर एजंट येतात, सिनेमे येतात, आणि त्यात वाईट काही नाही, पोटापाण्याचा प्रश्न असतो. मारी मलनने बाहेरची कामं केली पण तिचं घर ड्रुइडच राहिलं. मला यात त्याग वगैरे अजिबात दिसत नाही. तिला पुढच्या भूमिका कुठे आहेत ते नीट माहीत होतं असं मला वाटतं.

२००५ मध्ये ड्रुइडने सिंगची सहाच्या सहा नाटकं एकत्र काढली, 'ड्रुइडसिंग' नावाने. बऱ्याचदा सगळी एकाच दिवशी, मध्ये जेवणाच्या सुट्ट्या धरून साधारण साडेआठ तास, तीच मंडळी वेगवेगळ्या भूमिकांत, स्टेजवर मातीची जमीन. इनिश मान बेटावर एका प्राचीन दगडी किल्ल्यातही प्रयोग केला, आणि २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरला. मारी मलन दिवसभरात एकामागून एक म्हाताऱ्या बायका करायची, एका नाटकात दारुडी भटकी, एकात आंधळी भिकारीण, आणि 'रायडर्स टू द सी' मध्ये मॉरया.

'रायडर्स टू द सी' हे जेमतेम अर्ध्या तासाचं नाटक आहे. बेटावरचं घर. मॉरयाचा नवरा, सासरा आणि पाच मुलगे समुद्राने नेलेत, पाचवा मायकेल नऊ दिवसांपासून बेपत्ता आहे. लांब डोनेगलला एका बुडालेल्या माणसाचे कपडे मिळालेत, त्यातला मोजा बहीण हातात घेते, टाके मोजते, आणि म्हणते की मी साठ टाके घातले होते आणि चार गाळले होते, हा त्याचाच. एवढ्यावर ओळख पटते. शेवटचा मुलगा बार्टली घोडे विकायला निघतो, आईचा आशीर्वाद राहून जातो, आणि तोही जातो. त्याच्यासाठी शवपेटी करायची तर पांढऱ्या फळ्या घरात आहेत, मायकेलसाठी म्हणून म्हातारीनेच आणून ठेवलेल्या, पण खिळे आणायला ती विसरलीय. इतकी माणसं जाऊनही खिळ्यांचं लक्षात राहिलं नाही, म्हणून कुणीतरी बोलून दाखवतं. आणि मग मॉरयाचं शेवटचं बोलणं येतं, की आता सगळे गेले, आता समुद्र माझं काही करू शकत नाही. इथे नटी रडली की नाटक गेलं. कारण लिहिलंय ते रडण्याच्या पलीकडचं आहे, त्यात चक्क सुटका आहे, आज रात्रीपासून वाऱ्याचा आवाज ऐकत जागायला नको अशी, आणि ही सुटका ऐकताना प्रेक्षकांच्या अंगावर काटा यायला हवा. मारी मलनच्या आवाजात एक जड, सपाट, थकलेली पट्टी आहे, तिथे ती हे बोलणं ठेवते. भाषा गोड करायची नाही हे १९७५ पासूनचं ड्रुइडचं वळण इथे कामी येतं.

मग २०१४. 'बॅलेगनगारा' पुन्हा काढलं, आणि त्याच्याबरोबर मर्फीचं 'ब्रिजिट' पहिल्यांदाच स्टेजवर आणलं, ज्यात हेच कुटुंब तीसेक वर्षं आधीचं दिसतं. दोन्हींत मॉमो मारी मलन, म्हणजे एका नाटकात कामाच्या धबडग्यातली, नवऱ्याशी वाद घालणारी, आणि दुसऱ्यात खाटेला खिळलेली. आणि वय बघा, शिवॉन मॅकेनाने मॉमो केली तेव्हा ती ६२ वर्षांची होती, मारी मलनही तेव्हा साधारण तेवढीच. मेरी म्हणून जी गोष्ट तिने कधीकाळी स्टेजवर ऐकली होती ती आता सांगायची पाळी तिची, आणि समोर ऐकायला कॅथरीन वॉल्श, ड्रुइडच्याच पुढच्या पिढीतली.

२०१६ मध्ये 'ब्यूटी क्वीन'. आता ती मॅग आणि मॉरीन ॲशलिंग ओ'सलिव्हन. गॉलवे, डब्लिन, मग अमेरिकेत लॉस एंजेलिस, बॉस्टन, न्यूयॉर्क. मॅग ही वरवर पाहिली तर नुसती छळवादी म्हातारी आहे आणि बऱ्याच नट्या ती तशीच करतात, हशे मिळतात, काम भागतं. पण जिने वर्षानुवर्षं मॉरीन केलीय तिला नेमकं माहीत असतं की मॅगला कशाची भीती वाटते, ही गेली तर मला विचारणार कोण, याची, आणि म्हणून ती पत्र जाळते ते दुष्टपणाने नाही तर घाबरून. त्या नाटकाचा शेवट माहीत असेल तर हे जास्तच लागतं. शेवटी मॉरीन एकटी उरते आणि आईच्या झुलत्या खुर्चीत बसते, आणि घरी आलेला पाटोचा भाऊ तिला बघून म्हणतो की तू हुबेहूब तुझ्या आईसारखी दिसतेस. मॅकडोनाचं हे नाटक १९९६ ला स्टेजवर आलं, आणि मारी मलनने ते वीस वर्षांनी पूर्ण केलं, ती खरोखर त्या खुर्चीत आई म्हणून येऊन बसली.

२०२५ मध्ये ड्रुइडला पन्नास वर्षं झाली. गॉलवेत त्यांनी एका संध्याकाळी दोन नाटकं लावली, 'रायडर्स टू द सी' आणि 'मॅकबेथ'. मारी मलन मॉरया, आणि नंतर लेडी मॅकबेथ, सत्तरी ओलांडल्यावर, तिच्यापेक्षा खूप लहान असलेल्या मार्टी रे या नटाच्या मॅकबेथसमोर. लेडी मॅकबेथ तरुण आणि मोहक असावी असा एक जुना समज आहे, पण तिच्या तोंडी मूल पाजल्याची आठवण आहे आणि घरात मूल कुठे दिसत नाही, ही रिकामी जागा म्हातारी लेडी मॅकबेथ जितकी भरते तितकी तरुण भरू शकेल असं मला वाटत नाही. त्यात आधीच्या नाटकात सगळे मुलगे गमावलेली आई म्हणून तिला पाहिल्यावर तर नाहीच.

आता हे बघायचं-वाचायचं कुठून सुरू करायचं. 'ड्रुइडसिंग' ची डीव्हीडी निघाली होती, ती मिळाली तर सोडू नका. नाही मिळाली तर 'रायडर्स टू द सी' पासून वाचायला लागा, सिंगचे हक्क केव्हाच संपलेत, इंटरनेटवर फुकट आहे, आणि चहा पिऊन होईतो वाचून होतं. मोठ्याने वाचा, कारण ती बोली डोळ्यांनी अडखळते पण तोंडात आली की चालायला लागते. 'प्लेबॉय' त्यानंतर. मग 'ब्यूटी क्वीन', आणि ते दोनदा वाचा, एकदा मॉरीनच्या बाजूने आणि एकदा मॅगच्या. मर्फीचं 'बॅलेगनगारा' सगळ्यात शेवटी ठेवा, कारण वाचायला ते यातलं सगळ्यात अवघड आहे, मॉमोची गोष्ट मध्येच तुटते, परत सुरू होते, कोण कुणाबद्दल बोलतंय ते पहिल्या वाचनात कळत नाही, आणि अशा वेळी मेरी काय करत असेल ते डोळ्यांसमोर धरलं की वाट सापडते.